लिनक्सचं जाड पुस्तक

मुलीच्या नव्या पुस्तकाचा वास आला आणि मला वाशीमचा कॉम्प्युटर क्लास आठवला. लिनक्स सर्व्हर शिकायला सरांनी अकोल्याहून दोन पुस्तकं आणली होती, एक जाड आणि एक पातळ. शिरपूरहून बसनं येणाऱ्या वैशालीचा हात जाड पुस्तकाकडे जाताना दिसला, तसं मी ते झटकन ओढून घेतलं.

"तुले पायजे तं घे," ती हसून म्हणाली, "मले हे बी चालते."

मी तिसऱ्या प्रकरणातच अडकले. तिनं पातळ पुस्तकातला एकेक धडा करून पाहत क्लासचा सर्व्हर एकटीनं उभा केला. सगळे तिचं कौतुक करत होते आणि मी जळत होते. आज ती मोठ्या नोकरीत आहे, त्याचं मला काही वाटत नाही. तिच्या त्या हसण्याचा मात्र अजून हेवा वाटतो.