कमळचं नख

कोन गावचा नाका ओलांडून कल्याणकडे निघालं की डाव्या हाताला चिंधू भोईरचं पत्र्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. खांबाला एक जुनी अलॉय रिम टांगलेली असायची, अर्धी काळवंडलेली आणि अर्धी आरशासारखी. इथं चाकं घासून चमकवतात, हे बघणाऱ्याला तेवढ्यात कळायचं.

या रस्त्यानं गोदामांचे ट्रक जातात आणि मागे खडी, खिळे, पत्र्याच्या पट्ट्या सांडत जातात. नवी गाडी घ्यायची, तिला चकचकीत चाकं बसवायची आणि आठवड्यात चरे पाडून चिंधूकडे यायचं, ही इथल्या पोरांची रीतच झाली होती. चिंधू आधी तोंड सोडायचा. "गाडी चालवतोस का नांगर वढतोस रं?" मग उकिडवा बसायचा आणि अंगठ्याचं नख चऱ्यावरून आडवं फिरवायचा.

सगळा कारभार त्या नखाचा. नख सरकलं तर दुखणं वरवरचं, मशीनवरचा मऊ बफ मारला की गेलं. अडलं तर पॉलिश पेपर घासून चऱ्याभोवतीचा धातू चऱ्याच्या तळापर्यंत उतरवायचा. आणि बाहेर नख अडलं, तसंच रिमच्या आतल्या अंगालाही अडलं, तर ती तड, आरपार गेलेली चीर. तडीला औषध न्हाय. ती रिम भंगारात. "चरा दिसतो, पन तड हाताला लागते," असं तो सांगायचा.

वर्षानुवर्षं ते बफचं मशीन हातात थरथरत होतं. ती थरथर संध्याकाळी जेवायला बसलं तरी बोटांत राहायची. पुढे ती राहिनाशी झाली, तेव्हा त्याला बरंच वाटलं. थंडीत बोटं खडूसारखी पांढरी पडायची, त्याचंही त्यानं काही मनावर घेतलं नाही.

कळलं ते त्याच्या बायकोला, कमळला. खाडीकाठचा माणूस, मांदेलीचे काटे न बघता बोटांनी काढायचा. तो ताटात चाचपडायला लागला. एकदा काटा घशात अडकला, भाताचे गोळे गिळून गिळून डोळ्यांत पाणी आलं. कमळनं त्याला ओढत भिवंडीत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं डोळे मिटायला लावून टाचणी टोचली.

"लागतंय?"

"लागतंय की."

"आता?"

"लागतंय."

तेव्हा टाचणी टेबलावर पडलेली होती. डॉक्टरनं कमळकडे पाहिलं आणि मशीन सोडा, गेलेली जाण परत येईलसं वाटत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं.

"सोडून काय करू?" रिक्षात चिंधू म्हणाला. "जिथं बापानं भात लावला तिथल्याच गोदामाच्या दारात शिटी घेऊन उभा राहू?"

दुसऱ्या दिवसापासून कमळ दुकानात यायला लागली. लोकांना वाटायचं, म्हातारपणी जोडीनं बसायची हौस. लोक चिडवायचे, तशी तीही म्हणायची, "सोडला तं पलून जाईल माजा नवरा." चाक उतरवलं की ती फडकं घेऊन पुढे व्हायची. पुसता पुसता नख फिरवायची. नख सरकलं तर म्हणायची, "पुसून झाला." अडलं तर, "माती हाय." आत-बाहेर दोन्हीकडे अडलं तर, "लय माती हाय." मग चिंधू आपलं नख फिरवून दाखवायचा, मान हलवायचा आणि निदान सांगायचा. दोघांनी हे कधी बसून ठरवलं नव्हतं. घरीही त्याबद्दल एक शब्द निघाला नाही. चिंधूचं नाव तसंच राहिलं. त्याला दुसरं काही नकोच होतं.

मग गणेशपुरीला कमळची बहीण आजारी पडली. दोन रात्री तिच्याकडे राहायला जाताना कमळ म्हणाली, "उद्या दुकान उघडू नका."

"बरं," चिंधू म्हणाला, आणि उघडलं.

नेमका ओमकार आला. चिंधूच्या बहिणीचा मुलगा, लग्न तोंडावर आलेलं. भंगारात निघालेले यंत्रमाग घेऊन टेम्पो चालला होता, त्यातलं दातेरी चाक रस्त्यावर पडलं आणि ओमकारच्या पुढच्या चाकाखाली गेलं.

"मामा, वरातीची गाडी हाय. चेहरा दिसला पायजे चाकात!"

"कुनाचा, तुजा? मंग घासून काय उपयोग?"

चिंधूनं बाहेरून नख फिरवलं, आत हात घालून फिरवलं. त्याला काही लागलं नाही. त्याला आता कशातच काही लागत नव्हतं, हे तो विसरला होता असं नाही. पण भाचा उभा होता. "चरा हाय नुसता," तो म्हणाला. "चाक ठेव, स्टेपनी लाव. उद्या ये."

दिवसभर तो ते चाक घेऊन बसला. पेपर, मग बारीक पेपर, मग बफ. असं काम बऱ्याच वर्षांत उतरलं नव्हतं. चाकात पत्रे दिसत होते, खांब दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ओमकार आला त्याच वेळी कमळ रिक्षातून उतरली. पिशवीसकट ती चाकापाशी गेली, फडकं उचललं. बाहेरून पुसलं. आत हात घातला आणि तिचा हात थांबला.

"लय माती हाय," ती म्हणाली.

"कंची माती, मामी? आरसा झालाय!" ओमकार हसला. "चल मामा, बसव. नवरीला घेऊन कापडं आनायला जायचाय."

चिंधू उठला नाही. काहीतरी बोलून चाक ठेवून घेता आलं असतं का, ते त्यानं शोधून पाहिलं असावं. ओमकारनं स्वतःच पाना उचलला.

"नको बसवू. तड हाय."

"काल तूच बोल्लास, चरा हाय!"

"बोल्लो." चिंधूनं दोन्ही हात पुढे धरले. "बोटां मेलीत माजी. मना कलत न्हाय."

"कवापासून?"

चिंधूनं कमळकडे मान वळवली. ओमकारनं पाना खाली टाकला.

"मंग बाबांची चाकं केलीस ती? आपले सगल्यांची?"

"ती बरोबर हायेत," कमळ म्हणाली. "ती मी बघितलीत."

चिंधूनं हातोडा घेतला आणि सगळं बळ लावून त्या आरशावर घातला. रिम तडीवरच दुभंगली. ओमकारनं कालची स्टेपनीच गाडीला राहू दिली. जाताना मामाच्या पाया पडला, पण चेहरा उतरलेला होता.

गावभर व्हायला वेळ लागला नाही. कमळ म्हणाली, "आता मी उघड बघीन, तुमी घासा." तसं करूनही बघितलं. गिऱ्हाईक कमी, बघे जास्त. कुणी गंमत म्हणून चिंधूच्या हातात काहीबाही ठेवायचे, न बघता ओळख म्हणायचे. त्यानं मशीन पोत्यात बांधलं. खांबाची रिम तेवढी काढली नाही.

आता दुपारी कमळ मांदेलीचे काटे काढून त्याच्या ताटात ठेवते. तो मुकाट खातो. परवा जेवण झाल्यावर तिनं त्याचा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या भेगेवरून नख आडवं ओढलं.

"लागतंय?"

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. एक ट्रक खडी सांडत गेला.

"न्हाय," चिंधू म्हणाला.

तिचं नख भेगेत अडलं होतं. तिनं ते तसंच राहू दिलं.