चाळीतली गुप्त मतदानाची निवडणूक

दहावीला बरे मार्क असूनही मी आर्ट्स घेतलं आणि बारावीपर्यंत राज्यशास्त्र शिकले. लोअर परळच्या आमच्या चाळीत याचं कौतुक कुणालाच नव्हतं. "पॉलिटिक्स? मग काय, नगरसेवक होणार?" असं जो तो विचारायचा.

दादरच्या कॉलेजात आमच्या मॅडम वर्गात फार वाचून दाखवत नसत, प्रश्न टाकत. एकदा त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात, सोसायटीत निर्णय कोण घेतं ते बघून या." मी बघायला लागले. चाळ कमिटीचे अध्यक्ष मी लहान असल्यापासून तेच होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. गॅलरीची दुरुस्ती असो की अँब्युलन्स बोलवायची असो, माणूस धावून यायचा. पण दरवर्षीच्या सभेत ते स्वतःच विचारायचे, "माझ्या नावाला कुणाची हरकत?" त्यांच्या तोंडावर हात कोण वर करणार? शिवाय मत खोलीमागे एक, तेही पुरुषाचं. बायका गॅलरीतून ऐकायच्या.

त्या वर्षी समोरच्या खोलीतले दादा उभे राहायला तयार झाले. ते बँकेत होते. सभेत मी उठून म्हटलं, "काका, हात वर करून नको. चिठ्ठ्या टाकू. आणि अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना मत देऊ दे, बायकांनाही."

खाली बस म्हणून बाबांनी माझा ड्रेस ओढला. काका हसले. "तू स्वतः अठराची आहेस का?"

"नाही. म्हणूनच मी मोजते. माझं मतच नाही."

लोक हसले आणि काकांना नाही म्हणता येईना. "घ्या चिठ्ठ्या. होऊन जाऊ दे," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी गॅलरीच्या टोकाला चादर बांधली आणि तिच्यामागे तांदळाचा रिकामा डबा ठेवला. शेजारच्या मालवणी काकी रांगेतून दोनदा मागे फिरल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "गो, माझा मत कोणाक कळाचा नाय मा?" मी नाही म्हटल्यावर त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. आई मात्र आत गेली तशी लगेच बाहेर आली. बाबांनी तिला काही विचारलं नाही. विचारावंसं वाटत होतं, ते दिसत होतं.

चिठ्ठ्या मी सगळ्यांसमोर उघडल्या. काकाच जिंकले, पण अगदी थोडक्यात. टाळ्या वाजल्या, हार घातला गेला. काकांचा चेहरा मात्र उतरला होता.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. बसले नाहीत. "तू चिठ्ठ्या बघितल्यास. अक्षरावरून कळलं असेल. एवढी माणसं माझ्यावर नाराज आहेत?"

मी घाबरले होते, तरी म्हटलं, "काका, ते मी नाही सांगणार."

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी आईकडे बघून विचारलं, "वहिनी, तुम्ही तरी सांगा. माझं चुकतं काय?"

आईने गॅस बंद केला. "भावोजी, पाणी सोडायची वेळ तुम्ही ठरवता. भरायला आम्ही उठतो. आम्हाला कधी विचारलंत?"

काका तसेच दारातून परत फिरले. पण महिनाभरात पाण्याची वेळ बदलली, आणि ती ठरवायला बायकांची बैठक बोलावली गेली. मॅडमना हे सांगितलं, तर त्यांनी मला वर्गासमोर उभं केलं आणि विचारलं, "आणि आईने मत कुणाला दिलं?"

मला आजही माहीत नाही.