वाकडा सात

परवा गिरगावात एका गल्लीच्या तोंडाशी मी जुन्या मोटरसायकलपुढे गुडघे टेकून बसलो होतो. तापलेल्या इंजिनाचा आणि जळक्या ऑइलचा तो वास आला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात आणि मान खाली, थेट इंजिनाच्या पोटाशी जाते. तिथे सिलिंडरच्या बुडाला बोटभर लांबीची एक सपाट पट्टी असते आणि तिच्यावर आकडे ठोकलेले असतात. मी ते वाचतो, त्यांवरून बोट फिरवतो आणि वयाला न शोभणाऱ्या मत्सराने पुन्हा वाचतो. “ओ काका, पेट्रोल काढताय काय?” वरून आवाज आला. गाडीचा मालक वडापाव खात उभा होता. “नाही हो, नंबर बघतोय.” “नंबर मागे असतो,” त्याने पाटीकडे बोट दाखवलं आणि मी गल्लीबाहेर जाईपर्यंत वडापाव हातातच धरून माझ्यावर नजर ठेवली. त्याला काय सांगणार? मागच्या पाटीवरचा नंबर सरकार देतं. तो पुसला तर पुन्हा रंगवता येतो. पोटावरचा नंबर गाडी जन्माला येताना कुणीतरी हातोडीने ठोकलेला असतो. तो गेला की गाडी असून नसल्यासारखी. हे मी एवढ्या अधिकाराने सांगतो, कारण तो स्वहस्ते घालवणारे शहाणे या शहरात फार नसतील आणि त्यांतला एक मी आहे.

गाडी माझ्या मामाची. मामा लालबागला राहायचा, परळच्या एका गिरणीत फिटर होता. एका खोलीत नऊ माणसं, आणि त्यात कायमची बंद पडली म्हणून कुणीतरी टाकून दिलेली ही परदेशी मोटरसायकल त्याने ढकलत ढकलत घरी आणली. चाळीत तिच्यासाठी जागा नव्हती. तशी ती मामासाठी तरी कुठे होती! ती जिन्याखाली राहिली, आणि वर्षभरात त्याने तिला बोलती केली. मी सुट्टीत गेलो की तो मला तिच्यापाशी बसवायचा आणि बॅटरीच्या उजेडात ते आकडे दाखवायचा. “बघ, बाकीचे कसे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे आहेत. आणि हा सात बघ, झुलतोय. सोमवारी सकाळी ठोकलेला असणार.” “तिकडे विलायतेतसुद्धा सोमवार असतो?” मी विचारायचो. “गिरणी असो नाहीतर कारखाना, सोमवार सगळीकडे सोमवारच असतो रे,” मामा म्हणायचा आणि त्या न पाहिलेल्या कामगाराची चूक अंगठ्याने हलकेच कुरवाळायचा.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. यंदा चाळ पाडायची ठरली, लोक खोल्या रिकाम्या करू लागले आणि मामीने मला बोलावून घेतलं. “भंगारवाला दोनदा जिन्याखाली डोकावून गेलाय. तू ने ती. पण चालती कर. एकदा मला मागे बसवून वरळीच्या समुद्रावर ने, मग तुझं तू बघ.” मामी ऐंशीच्या पलीकडली, गुडघे कुरकुरतात, पण मागणी साधी होती. साधीच वाटली होती. गाडीची नोंदणी केव्हाच संपलेली. ती ताजी करायची तर इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा, म्हणजे चासीचा, असे दोन्ही नंबर जुन्या आरसी बुकाशी ताडून दाखवायचे. ते जुळले तर गाडी रस्त्यावर, नाहीतर भंगारात. दोन्ही जागच्या जागी होते. मी मध्ये पडेपर्यंत.

आता माझा धंदा सांगायलाच हवा. मी आयुष्यभर दादरच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. ओळीत एखादं अक्षर केसभर खाली बसलं तरी मला जेवण गोड लागायचं नाही. परळच्या मिस्त्रीने इंजिन उघडलं, त्याची ॲल्युमिनियमची केस, म्हणजे नंबर असलेलं बाहेरचं कवच, माझ्या हाती दिली आणि बजावलं, “काका, भायखळ्याला जाऊन बफिंग करून आणा. पण नंबरवर मी चिकटपट्टी लावलीय, तिला हात लावायचा नाही.” मी मान डोलावली. भायखळ्याला मशीनचं चाक फिरू लागलं, केस अशी झळकू लागली की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं, आणि त्या लखलखाटात ती पिवळी चिकटपट्टी मला डाग वाटू लागली. मी ती सोलली. खाली काळपट खरबरीत पट्टी आणि तिच्यावर तो वाकडा सात. चाळीस वर्षांची खोड उफाळून आली. मशीनवरच्या माणसाने भुवया उंचावून विचारलं, “ये भी?” मी म्हणालो, “ये भी. एकदम आरसा.” आयुष्यात इतक्या चुका दुरुस्त केल्या, पण इतकी परिपूर्ण दुरुस्ती माझ्या हातून पूर्वी कधी झाली नव्हती.

मिस्त्रीने केस उलटीसुलटी केली, उजेडात धरली आणि तो स्टुलावर बसला. “काका,” तो म्हणाला, “बारशाला जाऊन पोराचं नावच पुसून आलात तुम्ही.” त्याच्याकडे आकडे ठोकायच्या पंचांचा डबा होता, हातोडी होती. मी आशेने त्या डब्याकडे पाहिलं. त्याने झाकण लावलं. “परवानगीशिवाय मी ठोकला तर गाडी चोरीची ठरेल. आणि मी चोराचा मिस्त्री.” मग तपासणी झाली. अधिकारी सज्जन होते. चासीचा नंबर त्यांनी गाडीच्या मानेपाशी वाचला, आरसीशी जुळवला. मग खाली वाकले आणि खालीच राहिले. “इंजिन नंबर कुठाय?” “इथेच होता.” “होता म्हणजे?” “पॉलिश केलं जरा.” “मला इथे माझं तोंड दिसतंय. नंबर दाखवा.” तेव्हापासून नंबर पुन्हा ठोकायच्या परवानगीसाठी मी अर्ज करतोय. पहिल्या अर्जात ‘नंबर गेला’ असं लिहिलं; कसा गेला ते लिहा, म्हणाले. दुसऱ्यात ‘घासला गेला’ लिहिलं. कुणी घासला ते लिहा. शेवटी प्रतिज्ञापत्र केलं, की मी, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय, हे करवून घेतलं. टंकलेखकाने ते हसू दाबत टाइप केलं, आणि त्यात त्याने केलेल्या दोन चुका मला सापडल्या. त्या मी तशाच राहू दिल्या. मुद्रितं तपासायचा माझा अधिकार संपला होता.

मामीला यातलं काही सांगितलं नव्हतं. दर आठवड्याला तिचा फोन यायचा, “वरळीला कधी?” आणि मी साहेब रजेवर असल्याचं सांगायचो. मग कुणीतरी सुचवलं, एखादा जुना पेन्सिल प्रिंट असेल तर जोडा. आकड्यांवर कागद ताणून धरायचा आणि वरून शिसपेन्सिल घासायची, म्हणजे ठसा कागदावर उमटतो; कचेरीत असा ठसा लागतो. मी साळसूदपणे मामीला विचारलं. तिने बांधाबांधीतून बिस्किटाचा डबा काढला. आत ठसेच ठसे. पिवळे, घडी पडलेले, काही बसच्या तिकिटाएवढे. प्रत्येकावर तो झुलता सात.

“मामी, अगं कचेरीला एकच लागतो. एवढे कशाला?”

ती जरा लाजली. मामीला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. “एकट्याने होतं थोडंच ते? एकाने कागद धरायचा, दुसऱ्याने घासायचं. घरात सासू, सासरे, दीर, नणंदा. बोलायचं तरी कुठे आम्ही? मग हे गॅलरीतून ओरडायचे, ‘अगो, जरा कागद धरायला ये.’ जिन्याखाली डोक्याला डोकं लावून बसायचं. लोक जात-येत राहायचे. कोण काय म्हणणार, सरकारी काम! मी धरायची, हे घासायचे. आणि दर वेळी म्हणायचे, ‘नीट नाही उठला. परत.’” तिने ठसे सारखे केले. “आता तुझ्या नावावर व्हायची, तर नवा लागेलच की. कागद मीच धरणार.”

मग सांगावंच लागलं. चिकटपट्टीपासून आरशापर्यंत सगळं. चिडली की ती मालवणीत शिरते, त्या दिवशी फक्त एवढंच, “ह्यां काय केलंस रे मेल्या?” आणि पदराने तिने डब्याचं झाकण पुसलं, पुसतच राहिली.

ते ठसे मी कचेरीत दाखवले. कागदावर आहे, धातूवर नाही, असं उत्तर मिळालं. ते खरंही आहे. फाइल आता दुसऱ्या टेबलावर गेली आहे. माझा संताप कुणावर काढावा, हेही मला धड ठरवता येत नाही. जबाबदार माणूस रोज सकाळी दाढी करताना समोर असतो. मला वाटायचं, जुन्या वस्तूवरचा काळ घासून काढला की खालची वस्तू नवी निघते. पण पुष्कळदा काळ तेवढाच काय तो तिच्यावर लिहिलेला असतो, तोही कुणाच्या तरी हललेल्या हाताने.

गेल्या रविवारी मामी हट्टाने परळला मिस्त्रीकडे आली. त्याने स्टूल दिलं, तिने ते गाडीजवळ ओढलं. पिशवीतून ठशांचा डबा आणि कोरा कागद काढला आणि तो त्या गुळगुळीत चकचकीत जागेवर दोन्ही अंगठ्यांनी ताणून धरला. “घास.” “मामी, आता तिथे काही...” “घास म्हणते ना!” मी घासलं. डोक्याला डोकं लागत होतं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. कागदावर नुसता करडा पट्टा उमटत गेला, पावसाळी आभाळासारखा, या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा.

“उठला?”

“नाही गं.”

तिने कागद काढला, उजेडात धरून पाहिला, घडी घालून डब्यात इतरांच्या खाली ठेवला आणि दुसरा काढला.

“मीच नीट धरला नाही. परत.”

मिस्त्रीने पाठ फिरवली आणि उगाच पाने-पकडी आवरायला लागला. मी पेन्सिलीला टोक काढलं आणि पुन्हा घासायला लागलो.