गोल बसणारी माणसे

निर्मलाताईंनी मला पहिल्याच भेटीत झापले. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातली फाटकी पुस्तके बांधायला द्यायची होती, म्हणून मी कोथरूडच्या त्यांच्या शेडमध्ये गेलो होतो. आत अकरा माणसे गोल बसून काम करत होती. दारातून मी "कोणी आहे का?" असे तीनदा ओरडलो. बाजूला खळ ढवळणाऱ्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "अहो, कोणासाठी ओरडताय? इथे ऐकू येणारी मी एकटी, आणि मी तुमच्या शेजारीच उभी आहे." मग त्यांनी भिंतीवरचे बटण दाबून दिवा दोनदा बंद-चालू केला. अकरा माना वर झाल्या.

ती सगळी माणसे कर्णबधिर होती. कोणी छापील पानांचे घडी घातलेले फर्मे शिवत होते, कोणी पुठ्ठे चढवत होते, पण बसायचे गोलच, एकमेकांचे हात आणि चेहरे दिसतील असे. मध्येच कोणीतरी दाभण खाली ठेवून हातांनी काही सांगे आणि सगळा गोल हसे. एकदा मी वर्ध्याकडून आलेल्या हिराच्या खांद्यावर मागून हात ठेवला. ती दचकली आणि दाभण तिच्या बोटात घुसले. ताईंनी आधी तिचे बोट बांधले. मग मला म्हणाल्या, "समोर या, मग बोला. एवढंच शिकायचं राहिलंय तुमचं. बाकी एम.ए. आहातच."

पुढे शहरात संगणक कंपन्या आल्या आणि त्यांच्या प्रशिक्षणाच्या जाडजूड पुस्तिका आल्या. पहिले मोठे काम ताईंनी स्वतःच मागून आणले. त्यांच्या पिशवीत एक वही असे, काम मागून गेलेल्या कर्णबधिर मुलामुलींच्या नावांची. "काम नको म्हटलं, तर या वहीला काय उत्तर देऊ?" असे त्या म्हणत. काम वाढवायला भांडवल हवे, म्हणून त्यांनी शेडची कंपनी केली आणि बाहेरचे संचालक घेतले. "एक तरी वाचणारा माणूस असू दे," म्हणून मलाही घेतले. कात्रजच्या बाजूला मोठा हॉल मिळाला.

तिथे एक सल्लागार आला. तो दोन दिवस हातात घड्याळ घेऊन उभा राहिला आणि त्याने शोध लावला, की ही माणसे हातांनी बोलतात, म्हणून बोलताना काम थांबते. उपाय सोपा होता. टेबले भिंतीकडे तोंड करून एका रांगेत लावायची.

"तुम्ही ऑफिसात तोंडाला पट्टी बांधून बसता का?" ताईंनी विचारले.

"मॅडम, इमोशनल होऊ नका," तो म्हणाला. "प्रॉडक्शन वाढलं तर तुमच्या वहीतलेच लोक घेता येतील."

हा मुद्दा मला पटला. आज ते लिहायची लाज वाटते, पण पटला. संचालकांच्या बैठकीत ठराव मतदानाला आला तेव्हा मी हात वर केला. ताईंनी माझ्याकडे पाहिले. "तुमचं बरोबर आहे, ग्रंथपाल. तुमच्याकडे बोलायला बंदीच असते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. रांगा लागल्या. वहीतून तिघांना घेतले. नंतर शिवणयंत्र आले आणि वही कोणी मागितलीच नाही. ताई जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी येऊन माणसांशी बोलत. शिस्त बिघडते म्हणून कंपनीच्या अध्यक्षांनी त्यांना येऊ नका असे पत्र पाठवले. स्वतः उभ्या केलेल्या जागेच्या फाटकाशी त्यांनी उभे राहायचे नाही. ते पत्र मी वाचले आणि फायलीला लावले. वर्षाच्या आत ताई हृदयविकाराने गेल्या.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. हार घातलेला फोटो होता, ध्वनिक्षेपक होता. खुणांच्या भाषेत सांगणारे मात्र कोणी नव्हते. ते कोणाला सुचलेच नाही. ताईंची माणसे शेवटच्या रांगेत आमच्या पाठींकडे बघत बसली होती. "ताई आमच्या मार्गदर्शक होत्या," असे अध्यक्ष म्हणाले, आणि मला संताप आला. तो त्यांच्यावर किती आणि माझ्यावर किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तेवढ्यात हॉलमधले दिवे गेले, आले. पुन्हा गेले, आले.

"लाइटचा काहीतरी प्रॉब्लेम दिसतोय," अध्यक्ष म्हणाले आणि पुढे बोलू लागले. मी मागे वळलो. हिरा बटणापाशी उभी होती. मागची रांग उठली होती. त्यांनी खुर्च्या उचलून भिंतीशी गोल केला आणि हात हलू लागले. कोणीतरी खळ ढवळल्यासारखे केले. सगळे हसले, मग एकदोघांनी डोळे पुसले.

मी माझी खुर्ची उचलून तिकडे गेलो. मागून नाही, वळसा घालून हिराच्या नजरेसमोर उभा राहिलो. तिने माझ्याकडे नीट, बराच वेळ पाहिले. मग ती पुन्हा आपल्या माणसांकडे वळली. मला जागा द्यायला कोणीही खुर्ची सरकवली नाही.