वाळूच्या गाडीत आईची जागा

बंद बूट घाला, जॅन्डल्स म्हणजे रबरी चपला नकोत. ओढणी, पदर, लांब केस, जे जे उडू शकतं ते आत खोचा. थोडं खाऊन या, पण पोट तुडुंब नको. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर आधी सांगा. गाडी वरून उघडी असते, वाळू तोंडात जाणार हे धरूनच चला. पाच वर्षांखालच्या मुलांना गाडीत घेत नाहीत.

टूर कंपनीच्या ईमेलमध्ये हे सगळं लिहिलेलं होतं. मी ते आईला मराठीत करून वाचून दाखवलं. आईने एकच विचारलं, "बूट कुठून आणायचे गं?" ताईचे जुने स्पोर्ट्स शूज तिला थोडे मोठे होत होते. पुढे कापूस घालून ती ते घालून दोन दिवस स्वयंपाकघरात फिरली. सहावारी नेसलेली, खाली पांढरे बूट, हातात लाटणं. तशी ती मला फार आवडली.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती आणि जिजू दोघंही इंजिनियर, इथे न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या हेन्डरसन उपनगरात त्यांचं घर आहे. मी ऑकलंडमध्येच शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि ती एकदम एवढ्या लांब. ताईचं बाळंतपण ठरलं तेव्हा मावशीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून मावशीच्या जागी माझी आई आली. मला भेटायलाही येते आहे, असं सगळे म्हणायचे. ते खरंही होतं. पण मी रविवारी जायचे तेव्हा आई कधी रिकामी बसलेली मला दिसली नाही.

बाळाला तेल लावून पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. ताईच्या अंगाला तेल, मग तिला शेक. डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, खसखशीची खीर. पहिल्या आठवड्यात आईने ओव्याची धुरी दिली आणि स्मोक अलार्म असा कोकलला की शेजारी बाहेर आले. जिजू तो किस्सा अजून सगळ्यांना सांगतात. रात्री बाळ रडलं की आई उठायची, कारण ताईला झोप हवी आणि जिजूंची सकाळी मीटिंग असायची. आई गावाकडे अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलं सांभाळणं हे तिला काम वाटतच नाही, आणि बाकीच्यांनाही वाटत नाही.

एका रविवारी ती बाळाला मांडीवर थोपटत होती आणि मी तिला फोनवर इथल्या जागा दाखवत होते. काळ्या वाळूचे डोंगर आले, आणि त्यावरून नाक वर करून चढणारी एक उंच गाडी. आईने माझा हात धरून फोटो थांबवला. "यात आपल्याला बसता येतं?"

मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या आठवणीत आईने स्वतःसाठी काही विचारल्याचं हे पहिलंच. साडी घ्यायलासुद्धा ती "बघू पुढे" म्हणते. मी दर शनिवारी एका डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, काउंटरवर उभी असते. त्या आठवड्यात सुट्टी मागितली आणि दोघींची टूर बुक केली. आईला परत जायला आठवडा राहिला होता.

जिजूंना कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरे वा, मग आपण सगळेच जाऊ. अजून दोन जागा मी बुक करतो. तुम्ही दोघी बसने कुठे जाणार? गाडी माझी आहेच."

मला आनंदच झाला, ते मी नाकारत नाही. मी म्हणाले, "पण जिजू, बाळाला नाही घेत. ईमेलमध्ये आहे."

"वेबसाइटवर असंच लिहितात गं. तिथे गेल्यावर बोलू. मांडीवर घेऊ आपण. ॲडजस्ट करतात."

ॲडजस्ट करतात. आमच्या नात्यागोत्यात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. जागा चार आणि माणसं सहा असली, पाहुणे न सांगता आले, गाद्या कमी पडल्या, की कुणीतरी हे म्हणतं. आणि मग ॲडजस्ट कोण होतं ते मी बघत आले आहे. दर वेळी तेच माणूस असतं.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. मागे मध्ये बाळाची कॅप्सूल, म्हणजे गाडीतली त्याची सीट, आणि दोन्हीकडे खिडक्यांशी आई आणि मी. शहर संपलं, मग गोठे, मग पाइनचं जंगल. जंगलाच्या पलीकडे एकदम झाडं थांबली आणि समोर काळीभोर वाळू, डोंगर असावेत इतकी उंच. त्यामागे समुद्र ऐकू येत होता पण दिसत नव्हता. कंपनी याला वाळवंट म्हणते. जिजू म्हणाले, "वाळवंट कसलं, मोठी चौपाटी आहे." आई काचेला नाक लावून बघत होती.

टूरची गाइड पन्नाशीची, दणकट बाई होती. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करत तिने सगळ्यांशी हात मिळवला. आईशी मिळवताना तिच्या बुटांकडे बघून अंगठा वर केला. मग ती चाकांपाशी बसून टायरमधली हवा सोडू लागली. हवा कमी असली की चाक वाळूवर पसरतं आणि रुतत नाही, असं तिने समजावलं. आमच्याबरोबर फक्त एक म्हातारं जर्मन जोडपं होतं. सगळं छान चाललं होतं.

मग तिने ताईच्या हातातलं बाळ पाहिलं आणि विचारलं, "याच्यापाशी कोण थांबतंय?"

जिजूंनी हसून त्यांचं बोलणं सुरू केलं. अगदी सावकाश चालवा, आम्ही घट्ट धरू, लांबून आलोय. ती बाई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "नाही. सॉरी." तिच्या आवाजात राग नव्हता आणि बोलणं पुढे न्यायला वावही नव्हता.

आणि पुढे जे झालं त्यासाठी मी हे लिहिते आहे. कुणी काही ठरवलं नाही. कुणी आईला "थांबता का" असं विचारलं नाही. ताईने बाळ आईकडे दिलं, आईने हात पुढे केले, जिजूंनी डायपरची बॅग आईच्या पायाशी ठेवली. उन्हात पाण्याची बाटली सावलीला सरकवावी इतक्या सहज. मग जिजू छातीवर कॅमेऱ्याचा पट्टा बांधायला लागले.

"मी बसते इथे बाकावर," आई म्हणाली. "तुम्ही या जाऊन. मला काय, इथून पण दिसतंय."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी वर्गात सहसा बोलत नाही. उत्तर येत असलं तरी हात वर करेपर्यंत दुसरं कुणीतरी बोलून मोकळं होतं. घरात मोठ्यांपुढे तर नाहीच. त्यामुळे जे बाहेर आलं ते नीट आलं नाही. मी म्हणाले, "आई, आई गाडीत बसतेय. तिच्यासाठीच... हे तिच्यासाठी आहे."

"गप बस," आई हळूच म्हणाली. "चारचौघांत काय?"

ताई गडबडली. "अगं हो की. मावशी, तुम्ही जा. मी थांबते."

"तू कशाला? तीन महिने घरात बसून कंटाळलीस. जरा वारा लागू दे अंगाला."

"नाही मावशी, खरंच जा."

"नको गं पोरी. तू जा."

दोघी एकमेकींना ढकलत होत्या, आणि मधल्या मध्ये जिजू कॅमेऱ्याची बटणं बघत होते. त्यांचं लक्ष नव्हतं असंही नाही. त्यांना ऐकू येत होतं. हा प्रश्न आपल्यासाठीसुद्धा असू शकतो हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. ते बघून माझा राग जिथे जायला हवा होता तिथे गेला.

"जिजू, तुम्ही थांबा."

त्यांनी मान वर केली. "मी?"

"हो."

"अगं, त्याला भूक लागली तर?"

"बाटल्या बॅगेत आहेत," ताई म्हणाली. फार हळू म्हणाली, पण म्हणाली.

"आणि गाडी कोण चालवणार?"

यावर मला हसूच आलं असतं, इतकी मी चिडले नसते तर. "जिजू, गाडी त्या चालवणार आहेत. गाइडेड टूर आहे. आपण नुसतं बसायचंय."

"युनिव्हर्सिटीत हेच शिकवतात वाटतं," ते हसत म्हणाले, पण हसू ओठांवरच होतं.

"जावईबापू, तिचं मनावर घेऊ नका," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मी तिचा दिवस खराब केला असं मला वाटलं आणि त्याचाही राग आला. तिच्यासाठी भांडायला गेलं की ती आधी माझ्याच आडवी येते.

गाइडला शब्द कळत नव्हते, पण ती चार लेकरांची आई असावी असं बघत होती. तिने गाडीचं दार उघडलं, पायरी खाली ओढली आणि आईला हात दिला. बाकी कुणाला नाही, आईला. आईने जिजूंकडे बघितलं. जिजूंनी कॅमेरा काढून ताईकडे दिला आणि बाळ घेतलं. मग आईने पदर कमरेला खोचला आणि वर चढली.

मला वाटलं, आता झालं. पण रागाला एवढ्यात सुट्टी नव्हती.

गाडी पहिल्या उतरणीवर सुटली. वाळू सुयांसारखी गालाला लागत होती. खांद्यांवरून आणि कमरेवरून पट्टे आवळलेले, तरी आम्ही उसळत होतो. ताई किंचाळत होती आणि मध्येच हसत होती. आईने माझं मनगट धरलं होतं. मी तिच्याकडे बघितलं तर ती मान वळवून मागे बघत होती, जिथून निघालो त्या पार्किंगकडे. ते कधीच दिसेनासं झालं होतं.

सगळ्यात उंच डोंगरावर गाडी थांबली. इंजिन बंद झालं. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे जंगल, मध्ये नुसती काळी वाळू आणि तिच्यावर वाऱ्याने काढलेल्या रेघा. आम्ही खाली उतरलो. आई म्हणाली, "रडत असेल का गं? त्याला उभं धरून फिरवावं लागतं. सांगायचं राहिलं."

"आई, त्याचे बाबा आहेत ते."

"हो, पण त्यांना सवय नाही."

तीन महिन्यांत सवय का झाली नाही, हे मी विचारलं नाही. मी वाळूत बूट घासत उभी राहिले. एवढ्या लांब, एवढ्या उंचावर आणूनही मी तिला त्या घरातून बाहेर काढू शकले नव्हते.

परत बसताना गाइडने तिच्या शेजारच्या सीटवर थोपटलं आणि आईकडे बोट केलं. आईने आता ताईकडे बघितलं. ताईचे डोळे का कोण जाणे भरलेले होते. ती म्हणाली, "बसा ना मावशी. विचारता काय?"

पुढून काय दिसतं ते मला माहीत नाही. मला फक्त आईचा अंबाडा आणि त्यातून सुटलेल्या बटा दिसत होत्या. गाडी कड्याच्या टोकाशी आली, क्षणभर समोर नुसतं आभाळ, आणि मग आम्ही सरळ खाली गेलो. आईच्या तोंडून एक आवाज निघाला. तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. खाली पोचल्यावर तिने गाइडकडे वळून एक बोट वर केलं. मग त्या बोटाने मागचा डोंगर दाखवला.

गाइडने घड्याळ बघितलं नाही. गाडी वळवली.

या वेळी आईने मागे वळून पाहिलं नाही.

पार्किंगमध्ये जिजू बाळाला खांद्यावर घेऊन उभे होते. बाळ झोपलेलं होतं. जर्मन आजींनी छातीवर हात ठेवला, "किती गोड, किती चांगले बाबा." ताई म्हणाली, "अहो, किती छान सांभाळलंत." आणि माझी आई, जिच्या केसांत वाळू आणि गाल लाल झालेले, ती म्हणाली, "जावईबापूंनी कमाल केली हो."

एका तासासाठी. मी तीन महिने त्या घरात येत-जात होते. 'मावशींच्या हातचं काही औरच' हे मी ऐकलं होतं, स्वयंपाकाबद्दल. कमाल केली, हे आईला कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

परतताना जिजूंनी गाडीच्या स्पीकरवर पुण्याला त्यांच्या आईंना फोन लावला. "अगं, मी थांबलो बाळाजवळ. म्हटलं, मावशींना जाऊ दे, त्यांना कुठे मिळणार असं."

"किती करतोस रे सगळ्यांचं," पलीकडून आवाज आला.

मी मागून बोलले. या वेळी अडखळले नाही. "काकू, नमस्कार. ते एक तास थांबले. तीन महिने रात्री आई उठतेय."

काकू म्हणाल्या, "हॅलो? आवाज तुटतोय." जिजूंनी फोन बंद केला. आरशात त्यांचे डोळे मला दिसले, मी नजर काढून घेतली नाही. ताई खिडकीबाहेर बघत होती.

मी आईच्या "गप बस"ची वाट बघत होते. ते आलं नाही.

आईने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. एक बूट काढला, उलटा केला, मग दुसरा. काळी वाळू कापसासकट जिजूंच्या स्वच्छ मॅटवर पडली, चांगली ओंजळभर. ही बाई बाळाच्या दुपट्यावरचा एक केससुद्धा लगेच उचलते. तिने त्या ढिगाकडे बघितलं, पाय त्यावरच टेकवले आणि डोळे मिटून डोकं मागे टेकलं. शेजारी कॅप्सूलमध्ये बाळ कुरकुरायला लागलं. आई हलली नाही.

थोड्या वेळाने ताईने जिजूंना गाडी बाजूला घेऊन बाळाला उचलायला सांगितलं.