मिस ओफेलियाचे पिवळे कागद

मी चौथी शिकलेला माणूस. तेही सीमेपलीकडे, मिचोआकानमधल्या आमच्या गावच्या एकखोली शाळेत. गुरुजी खेचरावर बसून यायचे आणि थंडी फार असली की खेचरही वर्गात बांधायचे. वर्षाअखेरीस त्या खेचराची हजेरी माझ्यापेक्षा बरी भरली होती. नातवंडांना ही गोष्ट शंभरदा सांगून झाली, तरी मला अजून हसू येतं.

असा मी, आणि बावीस वर्षं कॉलेजात काढली! फरश्या पुसत, हे वेगळं. आमच्या खोऱ्यातलं हे दोन वर्षांचं कॉलेज. फळं भरायच्या शेडमध्ये राबणाऱ्यांची, ट्रॅक्टरवाल्यांची पोरं इथे दोन वर्षं शिकतात आणि मग पुढच्या दोन वर्षांसाठी विद्यापीठात जातात. जातात म्हणजे, जायचं ठरवून येतात. कुठला विषय विद्यापीठ धरतं आणि कुठला धरत नाही, हे सांगायला खिडक्यांमागे सल्लागार बसतात. हजारेक पोरांना एक सल्लागार पडतो. तीन नंबरच्या खिडकीत ओफेलिया बारागान बसायची. पोरं तिला मिस म्हणायची आणि मला तिओ चेमा, म्हणजे चेमाकाका.

एकदा एक पोरगा बगलेत कोंबडा घेऊन तिच्या खिडकीशी आला. पशुवैद्यक व्हायचंय म्हणाला. ओफेलिया म्हणाली, "याला कुठे ठेवू? याचं नाव रांगेत आहे का?" पोरगा म्हणाला, "मिस, घरी ठेवला तर आजी रस्सा करते." पाऊण तास ती त्याच्याशी बोलली आणि कोंबडा माझ्या बादलीत बसून होता. पोरगा आज खरंच जनावरांचा डॉक्टर आहे. कोंबड्याचा मात्र पुढे रस्साच झाला.

ओफेलियाची पद्धत तिची स्वतःची होती. ती अठराची असताना याच कॉलेजातल्या सल्लागाराने तिला विचारलं होतं, "तुमच्या घरात कुणी शिकलंय का?" नाही म्हटल्यावर त्याने तिला टायपिंग लावून दिलं. दोन वर्षं ती शिकली आणि विद्यापीठाने त्यातला एकही विषय धरला नाही. मग ती सगळं पहिल्यापासून शिकली आणि त्याच खिडकीत येऊन बसली. तेव्हापासून प्रत्येक पोराचा एक पिवळा कागद. पेन्सिलीने विषय, वर्ष, गुण. आणि कोपऱ्यात, ज्याचा त्याचा घोळ. 'याच्या बापाचं शेड बदलणार.' 'हिला सकाळचेच तास जमतात.' कागद बुटांच्या खोक्यांत. खोकी भिंतभर.

मी म्हणायचो, "पोरी, ही भिंत कोसळली तर मलाच तुला उकरून काढावं लागेल."

"तुम्ही पुसत राहा, तिओ. ओली झाली की कोसळेल."

याच भिंतीत निदिया सेपेदाचा कागद होता. पीचच्या शेडमध्ये फळं निवडणारी बाई. एक पोरगी पदरात, नवरा कुठेतरी उत्तरेला, तो तिकडचाच झाला. निदियाला नर्स व्हायचं होतं. ॲनाटमी, म्हणजे हाडामांसाचा विषय, तो तिने पहिल्याच झटक्यात उत्तम गुणांनी काढला, पाठोपाठ आणखी दोन. पुस्तक बघत मधल्या सुट्टीत पीचच्या खोक्यावर खडूने बरगड्या काढायची. मुकादम ओरडायचा, "बाई, हे खोकं ओरेगॉनला जायचंय, कब्रस्तानात नाही!" मग तिच्या आईला झटका आला. निदियाने कॉलेज सोडलं आणि चार वर्षं आईचं केलं. आई गेली तशी निदिया कॉलेजात परत आली. संध्याकाळी एक विषय, पुढच्या सहामाहीला एक विषय. मुंगी साखर नेते तसं.

नर्सिंगवाल्यांचा एक नियम असतो. हाडामांसाचा आणि तसले विज्ञानाचे विषय सात वर्षांहून जुने झाले की ते धरत नाहीत, पुन्हा करावे लागतात. हाडं सात वर्षांत कुठे बदलतात, मला विचारू नका. माझी बदलली, गुडघ्यापासून. ओफेलियाने निदियाच्या पिवळ्या कागदावर लाल पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली होती: 'याच्या आत अर्ज, नाहीतर उन्हाळ्यात ॲनाटमी परत.'

मग नवा डीन आला, हॅस्केल. वाईट माणूस नव्हे. माझ्या वाढदिवसाला केक आणायचा. त्याने नवं यंत्र आणलं. पोराचं नाव टाकलं की झालेले विषय हिरवे दिसायचे आणि राहिलेले लाल. एका पोराला पंधरा मिनिटं. महिन्याला किती पोरं झाली त्याचा तक्ता भिंतीवर. आणि कागद बंद. पोरांची माहिती खोक्यांत ठेवणं म्हणे कायद्यात बसत नाही. शुक्रवारी कागद फाडणारी गाडी येणार होती.

गुरुवारी ओफेलिया मला म्हणाली, "तिओ, अजून निम्म्या तारखा उतरवायच्यात. सोमवारपर्यंत ही खोकी तुमच्या बादल्यांच्या खोलीत ठेवा ना. कुणी बघत नाही तिथे."

मी म्हणालो, "पोरी, डीनसाहेबांनी शुक्रवार सांगितलाय. उगाच माझ्या मागे कशाला लावतेस? माझी निवृत्ती तीन वर्षांवर आलीय."

ती परत खिडकीत गेली. रात्रीपर्यंत उतरवत बसली असेल. शुक्रवारी मी चाकांच्या गाड्यावर खोकी रचली आणि चार फेऱ्यांत खाली नेली. गाडीवाल्याने मला कॉफी दिली. गोष्टही ऐकली, खेचराची.

दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, निदिया आली. शेवटचा विषय चालू होता. बाहेर रांग दारापर्यंत, तक्त्यावर ओफेलियाचं नाव सगळ्यात खाली. मी खिडकीशेजारची काच पुसत होतो. ओफेलियाने नाव टाकलं. सगळं हिरवं. तिने जरा वेळ पडद्याकडे बघितलं.

"निदिया, तुझं काहीतरी होतं ना ग? तारखेचं?"

"माझं? आई गेल्याची तारीख का, मिस?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पंधरा झाली!" ओफेलियाने परत हिरव्याकडे बघितलं. "हो, तेच असेल. कर अर्ज."

निदियाने खिडकीतून हात घालून तिचा हात दाबला.

एप्रिलात विद्यापीठाचं पत्र आलं. अर्जाच्या दिवशी ॲनाटमी सात वर्षं चार महिन्यांची, म्हणून अर्ज बाद. आता ती परत करायची तर वर्ष जाणार, तोवर पुढचा विषय सात वर्षांचा होणार, त्यामागे तिसरा. निदिया पत्र घेऊन आली तेव्हा रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मिस, तुम्ही म्हणाला होतात ना, कर अर्ज?"

ओफेलिया डीनकडे गेली. दार उघडंच होतं, मी कचऱ्याची टोपली रिकामी करत होतो.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तसं कॉलेजच्या कागदावर लिहून द्या. तिला फेरविचाराची संधी आहे."

"ओफेलिया, आपण माहिती देतो. खात्री करायची जबाबदारी विद्यार्थ्याची. पडद्याच्या तळाशी लिहिलेलं असतं."

"सर, तळाचं कुणी वाचत नाही. तिने मला विचारलं, कारण मी खिडकीत बसते."

"चूक लिहून दिली की वकील येतात. तू दमलीयस. सुट्टी घे."

तिने स्वतःच लिहिलं. पेन्सिलीने, पिवळ्या कागदावर, चार पानं. विद्यापीठाचं उत्तर दोन ओळींचं आलं. नियम सर्वांना सारखा.

गंमत ऐका. त्याच मे महिन्यात वार्षिक जेवण होतं. मक्याच्या पोळीचे ताकोस, तांदळाचं गोड पेय, सगळं व्यवस्थित. आणि एका महिन्यात सर्वांत जास्त पोरं बघितल्याचं मानपत्र कुणाला? ओफेलियाला. निदियाचं पत्र आल्यावर तिने विचारणंच सोडलं होतं. नाव टाकायचं, रंग बघायचा, पुढचा. तक्त्यावर ती पहिली आली. डीनने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हातातली ताटली बाजूला ठेवून. तिने मानपत्र घडी करून पर्समध्ये टाकलं, त्यावर ताकोचा डाग पडला.

निदिया परत शेडमध्ये गेली. यंदा ऑगस्टमध्ये, माझ्या शेवटच्या महिन्यात, ती कॉलेजात दिसली. सोबत पोरगी, इत्सेल. अठरा पूर्ण, आईसारखेच रुंद खांदे. नाव घालायला आल्या होत्या. एक नंबरच्या खिडकीत नवा पोरगा ब्रँडन, त्याच्यासमोर तेरा जण. तीन नंबरच्या खिडकीत ओफेलिया, तिच्यासमोर कुणी नाही.

इत्सेल तिकडे वळली. निदियाने तिचा दंड धरला. "इकडे."

"आई, तिकडे कुणी नाहीये."

"थांबू आपण."

ओफेलियाने ऐकलं. ती उठून खिडकीमागून बाहेर आली. बावीस वर्षांत मी तिला तसं येताना कधी बघितलं नव्हतं. पर्समधून पिवळा कागद काढला. "निदिया, मी बघते हिचं. बसून. वेळ लागू दे."

"मिस, तुमच्यावर राग नाही माझा." निदियाचा आवाज अगदी सरळ होता. "पण पोरगी मला एकच आहे."

ओफेलिया परत जाऊन बसली. तासाभराने त्या दोघींचा नंबर लागला. ब्रँडनने नाव टाकलं, पडदा बघितला आणि म्हणाला, "सगळं बरोबर आहे. पुढचा."

जाताना निदिया माझ्यापाशी थांबली. "तिओ, गुडघा कसा आहे?" तिने पिशवीतून चार पीच काढून माझ्या हातावर ठेवले. शेडमधले, डाग पडलेले, पण गोड. ती दर हंगामात आणते. कागदांची ती खोकी खाली कुणी नेली, हे ओफेलियाने तिला कधी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तिथेच बाकावर बसून चारही खाल्ले.