गाण्याच्या बाईंचा वर्ग

लातूर नवा जिल्हा झाल्यावर आम्ही उदगीरहून तिथं राहायला गेलो. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती बोलत नव्हती आणि तिची उजवी मूठ जन्मापासून आवळलेलीच होती. शाळेच्या एका खोलीत गाण्याच्या एक बाई अशा पाच-सहा लेकरांना गाणी शिकवायच्या. तिसऱ्या महिन्यात एकदा त्यांनी पेटीवर सूर धरून खंजिरी पुढं केली, तर लेकीनं मूठ उघडून थाप मारली. मला रडूच आलं.

"रडू नका. रोज आणा तिला," बाई म्हणाल्या.

पण नव्या जिल्ह्याच्या कचेरीला जागा पुरेना, आणि ती खोली फायलींसाठी गेली. मग बाईंनी स्वतःच्या घरी वर्ग सुरू केला. दुष्काळात त्यांची विहीर आटली, तेव्हा त्या लेकाकडं हिमायतनगरला निघाल्या.

"बाई, आता हिला कुठं नेऊ?"

"घरीच गात जा. आवाज लई चांगला पाहिजे असं काही न्हाई."

टँकरचं पाणी भरून झालं की मी गायची. लेक नुसती बघत राहायची. हळूहळू तिची बोटं पुन्हा आखडली. उन्हाळ्यात एक दिवस मी गाणं सोडून दिलं. तिला ते कळलं का, हे मला अजून माहीत नाही.